पळसबियांचे अर्काने जंतफौज बुडविली त्याची हकीकत

श्रीनागनाथ कृपावंत. हिंगोली प्रांती, महाविद्यालयाचे प्रयोगशाळेत, बकऱ्यांचे पोटातील जंतांशी जे तुंबळ जाहले ते येणेप्रमाणे. शाहाण्यांनी सावध ऐकावे, किळस येणारांनी जेवण उरकून ऐकावे.

साखरा गावची शिवकन्या, संशोधक विद्यार्थिनी, पराक्रमे थोर, डोळ्यांस चष्मा. घरच्या बकऱ्या पावसाळ्यागणिक जंतांनी पडत आणि बाजारचे औषधास जंत भीक घालीनात, म्हणोन तिने पळसबियांचा अर्क काढिला, मग खाटकाकडून बकऱ्याचे पोट आणवून गनीम जिवंत धरिले आणि दोन बश्यांत उतरविले. एकीत अर्क, दुसरीत नुसते मिठाचे कोमट पाणी. अर्कातले मरावे आणि पाण्यातले जगावे, तरच औषधाचा गुण खरा. दोहींकडे मेले तर कोणी मारिले हे कोणी सांगावे?

आणि जाहले तेच! दोन वेळा दोन्ही फौजा गारद. पाणी पिवळट दिसे, तो रंग मेल्या जंतांचा ऐसे शिवकन्येने मानिले. मग मोहिमेचे खासे सरदार, मार्गदर्शक रविंद्रसर कोपले आणि फर्मान सुटले की, तिसऱ्याने ऐसेच घडल्यास मोहीम बंद, सूक्ष्मदर्शक मत्स्यविभागी रवाना. शिवकन्येचे तोंडचे पाणी पळाले.

तिसरे खेपेस बश्या मांडून ती हात धुवोन परतते, तो काय! प्रयोगशाळा झाडणाऱ्या पद्माबाई डोळे मिटून दोन्ही बश्यांत चिमूट चिमूट हळदकुंकू वाहताहेत. हत्यार पुजल्यावाचून लढाईस हात घालू नये, हा दसऱ्याचा दस्तूर बाईंनी दर झुंजीस चालविला होता; आणि हळद तरी कैसी, घरची, ताजी, जहाल!

"मौशी, हे काहून?"

"तुला यश यावं म्हून, लेकरा."

शिवकन्येस हसू आले, रडूही आले, आणि रागे भरावे तर जीभ रेटेना. मग तिने नव्या बश्यांत वीस-वीस नवे गनीम उतरविले, कपाळ पुढे केले आणि अर्ज केला की, "हत्यार मी हाये मौशी, हितं लावा."

आठ तास लोटले. अर्काकडील वीस ठार. पाण्याकडील वीस ऐसे वळवळती की जत्रेतली पोरे! शिवकन्या नाचू लागली, आणि रविंद्रसर दर्जा विसरोन तेही नाचू लागले.

"आगं बाई, दुश्मन जित्ता हाये अन् तुमी नाचून काहून राहिले?" पद्माबाई थक्क. मग शिवकन्येने गळा मिठी घालोन सारा मामला समजाविला, तेव्हा बाईंनी तात्काळ मीठमोहऱ्या मुठीत घेतल्या.

ऐसी फत्ते जाहली. दफ्तरी रुजू असे की, अर्काकडे मयत वीस, पाण्याकडे हयात वीस. आणि हयात गनिमांची पद्माबाईंनी दृष्ट काढिली, ती शिवकन्येचे हुकुमाप्रमाणे दोन हात दुरून.