रुआनताईंचा डाव आणि माझा व्हिसा

तुमचा यावर विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या खोट्या गोष्टींना लोक बसल्या जागी माना डोलावतात. अडचण येते ती खरी गोष्ट सांगितली की. आणि ही तर शंभर नंबरी खरी. परवा मानमानच्या लग्नात नवऱ्याकडच्या मामांना सांगितली, तर वाफेवर शिजवलेला मासा समोर थंड होत राहिला आणि एकाचीही जेवायची काडी पुढे सरकली नाही! ही मंडळी पार समुद्राकाठच्या वेन्चोउकडची, आमच्या शाओशिंगला आयुष्यात पहिल्यांदा आलेली. असे श्रोते नशिबानेच मिळतात. त्यांना सांगितली तशीच तुम्हाला सांगतो, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

मी चीनमधल्या या गावच्या बाजारातून बटणं घेऊन मुंबईला पाठवायचो. आलो तेव्हा डोक्यावर काळे केस होते, ते याच गल्लीत पांढरे झाले. माझं खरं नाव इथे कुणाच्या जिभेला झेपलं नाही, म्हणून सगळी गल्ली मला बटणवाला म्हणते. पुढे धंदा मुलाच्या हातात दिला. धंदा गेला तसा धंद्याचा व्हिसाही गेला आणि मी ज्या घरात म्हातारा झालो त्याच घरात पाहुणा झालो. पाहुण्याने किती दिवस राहायचं हे यजमान नाही, शिक्का ठरवतो.

आता मानमान कोण, तर माझ्या घरमालकिणीची, रुआनताईंची नात. ती जन्मली तेव्हा इथल्या रीतीप्रमाणे तांदळाच्या पिवळ्या दारूचा एक छोटा रांजण अंगणातल्या झाडाखाली पुरला. मुलीच्या लग्नात तो उकरायचा आणि मांडवात फोडायचा. पुरायचा खड्डा मी खणला होता. खणताना कुदळ माझ्याच पायावर बसली. अंगठा अजून वाकडा आहे, खोटं वाटत असेल तर येऊन बघा. ताईंनी त्या वाकड्या अंगठ्याकडे बघून तेव्हाच शब्द दिला होता, "बटणवाल्या, रांजण उघडेल तेव्हा पहिली वाटी तुझी."

पोरगी रांगायला लागली, शाळेत गेली, मोठी झाली, दुचाकीवरून मला धडकली, प्रेमात पडली. माझं सगळं लक्ष झाडाखाली. आणि इतकी वर्षं थांबून लग्न ठरलं कधी? पुढच्या आठवड्यात. माझा व्हिसा संपणार कधी? उद्या.

पण मी घाबरलो नाही. व्हिसा वाढवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. इतक्या वेळा वाढवलाय की कचेरीतल्या बाई मला दारात बघून आधी शिक्का उचलतात आणि मग मान वर करतात. अर्ज लागतो, तो मी झोपेत भरतो. फोटो लागतो, त्यात दोन्ही कान दिसायला हवेत. माझे कान असे आहेत की फोटोवाला म्हणतो, काका, चेहरा नाही आला तरी चालेल, कान आलेत. राहता राहिला पोलीस चौकीचा दाखला, की हा माणूस अमुक घरात राहतो. तो मात्र घरमालक घराचे कागद घेऊन समक्ष चौकीत आल्याशिवाय मिळत नाही. नवीन साहेब आल्यापासून तर अजिबात नाही.

सकाळी चहा घेऊन ताईंकडे गेलो. ताई माजोंगच्या, म्हणजे चौघांच्या सोंगट्यांच्या डावावर बसलेल्या.

समोर थाओ रंगारी. कापड रंगवण्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन जमाना झाला, पण नखं अजून निळी. एका बाजूला चू काकू, ज्या डाव हरल्या की घरी जाऊन सुनेचं मीठ कमी पडलं म्हणतात. दुसऱ्या बाजूला वेई नावाडी, जो कधीच काही म्हणत नाही. पैज खारवलेल्या बदकाच्या अंड्यांची. ताईंच्या पायाशी टोपली भरून वाहत होती, आणि थाओच्या घरी न्याहारीला अंडं म्हणून उरलं नव्हतं.

आणि ताईंच्या हातात काय होतं म्हणता? काय सांगू तुम्हाला. सगळे बांबू! पहिल्यापासून शेवटच्या सोंगटीपर्यंत नुसतं हिरवंगार बन, त्यात परक्या जातीचं पान नाही. पाच बांबूची एक सोंगटी आली की डाव खलास. असा हात जन्मात एकदा येतो. तो धरला की बोटांना घाम सुटतो, जीभ टाळूला चिकटते, सोंगट्या गार लागतात आणि कानशिलं गरम. बाजूला घर जळत असलं तरी माणूस म्हणतो, जळू दे, आधी पाच बांबू.

इथे थोरल्या मामांनी मला अडवलं. त्यांनी विचारलं, ताईंच्या बोटांना घाम सुटला ते तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, मामा, निरीक्षण. बटणांच्या धंद्यात दुसरं असतंच काय?

तर मी हळूच ताईंना म्हटलं, चौकीत चला, उद्या माझी मुदत संपते. ताई म्हणाल्या, हूं. मी म्हटलं, ताई, कचेरी दुपारी बंद होईल. ताई म्हणाल्या, हूं हूं. मी म्हटलं, ताई, पहिली वाटी! तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली.

"बटणवाल्या, नशीब या खुर्चीत आहे, आणि तेही माझं तोंड पूर्वेला आहे तोवरच. हे टेबल, ही खुर्ची आणि हे तोंड जसंच्या तसं चौकीत नेता येत असेल तर ने. नसेल तर चहा ठेव आणि जा."

ओढून न्यावं म्हटलं तर तेही शक्य नव्हतं. जिंकत असलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावायचा नाही, हे इथलं पाळण्यातलं पोरही जाणतं. हात लागला की नशीब खांद्यावरून उतरून चालू पडतं. पुढे तो माणूस सात जन्म तोंड बघत नाही. मामांनी लगेच माना हलवल्या. त्यांच्याकडेही तसंच आहे म्हणे.

आणि चौकी तरी जवळ होती का? तीन कालवे पलीकडे आणि सात पुलांखालून! दुसरा कुणी असता तर रडत मुंबईला गेला असता. मी वेईच्या पायांकडे बघितलं.

आमच्याकडचे नावाडी वल्हं हातांनी मारत नाहीत, पायांनी मारतात. म्हणजे हात मोकळे. म्हणजे नाव चालवता चालवता वेई डावही खेळू शकतो! घराच्या मागेच घाट. मी नावेचं काळं छप्पर उतरवलं, टेबल उचललं, एकही सोंगटी न हलवता नावेत ठेवलं. मग ताईंना खुर्चीसकट उचललं. ताईंचं वजन मी सांगत नाही, लग्नघर आहे. चू काकू स्वतःच्या पायांनी आल्या, थाओ शिव्या देत आला, वेई मागच्या टोकाला टेकला, पायात वल्हं धरलं, हातात सोंगट्या धरल्या, आणि निघालो.

पहिला कालवा सरळ पूर्वेला जातो, त्यामुळे सगळं ठीक. मग पूल आला आणि कालवा उत्तरेला वळला. नाव वळली, नावेबरोबर ताई वळल्या. आमच्या ताई अशा ओरडल्या की काठाजवळची बदकं पाण्याबाहेर आली. मग मी टेबलाखाली शिरलो, टेबल डोक्यावर घेतलं आणि नाव जिकडे वळेल त्याच्या उलट फिरायला लागलो. टेबल फिरलं की खुर्च्या फिरायच्या, खुर्च्या फिरल्या की माणसं फिरायची. ताईंचं तोंड राहिलं पूर्वेला! पण टेबलाबरोबर वेईसुद्धा फिरला, त्याच्याबरोबर वल्हंही फिरलं, आणि नाव आली तशी परत निघाली.

एकाच पुलाखालून आम्ही तीनदा गेलो. पुलावर एक बाई वासाचा टोफू तळत होती. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा तिने झारा खाली ठेवला आणि कठड्यावरून वाकून ताईंचा हात नीट बघून घेतला. तिसऱ्यांदा तिला राहवलं नाही. ती वरून म्हणाली, ताई, तुमचे सगळे बांबू आहेत, एकही चुकूनसुद्धा टाकू नका! झालं. थाओने सोंगट्या छातीशी धरल्या आणि चू काकूंनी वर बघून तिला तिचं तळण कसं जळतंय ते समजावून सांगितलं. त्यात कुणीतरी काठावरून पैज लावली. कालव्याच्या दोन्ही अंगांना चहाचे थर्मास घेऊन माणसं चालायला लागली. मागे वळून बघितलं तर आमची वरात!

अशी वरात चौकीच्या घाटाला लागली. हवालदार लोउ बाहेर आला. पोरगेलासा, कडक इस्त्रीचा. त्याचं म्हणणं, मालकिणीने आत खिडकीपाशी यायला हवं. ताईंचं म्हणणं, हूं. तो रागाने पायऱ्या उतरून नावेपर्यंत आला, आणि त्याची नजर ताईंच्या हातावर पडली. तुम्हाला सांगतो, त्याने टोपी काढली. मग पायरीवर बसून सावकाश म्हणाला की नियमात मालकीण समक्ष असावी एवढंच आहे. ती जमिनीवर असावी की पाण्यावर, याबद्दल नियम गप्प आहे.

त्याने शाईची डबी आणली. ताईंनी उजवा अंगठा लाल करून दाखल्यावर उठवला, आणि त्याच अंगठ्याने पुढची सोंगटी उचलली. डोळे मिटून बोटाने चाचपली. एक, दोन, तीन, चार... पाच!

थाओ उभा राहिला. सोंगटीवर लाल खूण आहे, हा खुणेचा डाव, मी मानत नाही! ताई उभ्या राहिल्या. नावेत दोन माणसं एकदम उभी राहिली की काय होतं हे मी समुद्राकाठच्या मामांना सांगायला नको. नाव कलली आणि पाच बांबू डुबकन पाण्यात.

मी क्षणाचाही विचार केला नाही. पासपोर्ट दातात धरला, दाखला टोपीखाली घातला आणि उडी मारली. तळाशी मिट्ट अंधार. चिखलात हात घातला तर एक नाही, मूठभर सोंगट्या! म्हणजे या घाटावर माझ्याआधीही बरेच जण दाखल्याला येऊन गेलेत. त्यातली लाल अंगठ्याची शोधली आणि वर आलो. ताई जिंकल्या, हवालदाराने शिक्का मारला, आणि मी पाणी निथळत कचेरीत पोचलो तेव्हा बाई खिडकी लावत होत्या.

त्यांनी सवयीप्रमाणे आधी शिक्का उचलला, मग मान वर केली, आणि शिक्का खाली ठेवला. म्हणाल्या, डावा कान कुठे आहे? मी घाबरून चाचपला. कानावर कालव्यातलं शेवाळ लोंबत होतं. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, शेवाळ स्वतःच्या हाताने बाजूला केलं, कान मोजून घेतला आणि...

"आणि ताईंचं तोंड?" धाकट्या मामांनी विचारलं. ते बिचारे अजून नावेतच होते.

"शेवटपर्यंत पूर्वेला," मी म्हटलं.

थोरल्या मामांनी माझ्यासाठी आदराने एक खारवलेलं अंडं सोललं. आणि तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"चौकी माझ्या दारासमोर आहे."

रुआनताई उभ्या होत्या. काखेत झाडाखालचा तो रांजण, हातात भरलेली वाटी.

"समोर म्हणजे अगदी समोर," त्या मामांना म्हणाल्या. "मी गल्लीत चादर वाळत घातली की अर्धी हवालदाराच्या खिडकीत जाते. नाव कसली आणि सात पूल कसले? त्या दिवशी घराचे कागद घेऊन मी सकाळपासून दारात उभी होते. लोउ तिकडून खिडकीतून हाका मारतोय, आजोबा या, आजोबा या. आणि आजोबा कुठे? माझ्या खुर्चीत. पूर्वेला तोंड करून! म्हणतात, ताई, सगळे बांबू आहेत, एकच सोंगटी, आत्ता येते. ही अंडी खाताय ना तुम्ही? यानेच जिंकलेली."

थोरल्या मामांनी माझ्यासाठी सोललेलं अंडं सावकाश स्वतःच्या वाटीत ठेवलं.

"मग उठले कसे?" त्यांनी विचारलं.

"कचेरी बंद व्हायला आली, तसा मी याच्या खांद्यावर हात ठेवला."

"जिंकत असताना?"

"दोन्ही हात ठेवले," ताई म्हणाल्या आणि पहिली वाटी माझ्यासमोर ठेवली. "पुढच्याच फेरीला हरला. हरला म्हणून उठला, उठला म्हणून आज इथे बसलाय. पी आता, बटणवाल्या, आणि तोंड बंद ठेव."