पाव्हणं वासरू

लंकाबाईंनी चहा सोडला तेव्हा घरात कुणाशी भांडण झालेलं नव्हतं. गाय दारात असताना त्यांना पिशवीचं दूध चालत नव्हतं, एवढंच. आणि दारातल्या गाईचं सगळं दूध हौशा पीत होता. हौशा म्हणजे तिचं वासरू. वासरू म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. उंचीने तो आईच्या बरोबरीला आला होता आणि प्यायला त्याला गुडघे टेकावे लागत. चहावाचून लंकाबाई कुणाला वाईट बोलत नसत. फक्त दिसेल त्याला काम सांगत. त्यामुळे मिरजगावजवळच्या त्या वस्तीवर कुणी दिसेनासं झालं होतं.

त्यांचा मुलगा गहिनीनाथ याला मात्र आयुष्यात कशाचीच अडचण वाटलेली नव्हती. त्याने हौशाच्या तोंडाला बाभळीच्या काट्यांचं मुसकं बांधलं. काटे टोचले की गाय लाथ मारील आणि वासरू दूध सोडील, असा हिशेब. हौशाने मान तिरकी करून प्यायची युक्ती काढली. काटे टोचले ते गहिनीनाथच्या मांडीला, आणि लाथही त्यालाच बसली.

शेजारच्या रानात गनीभाईंची तीच तऱ्हा होती. त्यांच्या वासराचं नाव साहेब. दोघांनी बांधावर बसून तोडगा काढला. हौशा गनीभाईंकडे, साहेब गहिनीनाथकडे. आई नजरेआड झाली की दूध आपोआप तुटेल.

"एक वासरू गेलं, एक आलं," गहिनीनाथची बायको सत्यशीला म्हणाली. "मग बदललं काय?"

"परक्या वासराला गाय उभं करत न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "उद्या सकाळी आईला चहा."

साहेब आला आणि गहिनीनाथ मुसकं घेऊन पुढे झाला. लंकाबाई आडव्या आल्या.

"पाव्हण्याच्या तोंडाला काटे बांधतो व्हय रं? गनीभाईला काय वाटंल?"

मुसकं राहिलं. मग साहेब थंडीने कुडकुडतोय असं लंकाबाईंना वाटलं, म्हणून त्यांनी हौशाच्या अंगावरचं गोणपाट त्याच्यावर टाकलं. पाव्हणा एकटा पडू नये म्हणून त्याला गाईजवळ बांधलं. दावंही जरा लांबच ठेवलं. गाईने गोणपाट हुंगलं, आपलंच लेकरू समजून साहेबाला चाटलं आणि पुढचं साहेबाने बघितलं.

सकाळी गहिनीनाथ बादली घेऊन बसला. कास रिकामी. साहेबाच्या तोंडाला फेस.

त्याने गनीभाईंना फोन लावला. कसं काय चाललंय, एवढंच विचारलं.

"झकास," गनीभाई म्हणाले. "हौशाला आईची आठवन बी न्हाई."

"आन् दूध?"

"दुधाचं काय इचारता, भाऊ. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं बी तसंच," गहिनीनाथ म्हणाला. दोघंही एक शब्द खोटं बोलले नव्हते.

त्या दिवशी तो मुद्दाम गनीभाईंकडे जाऊन आला. गनीभाईंच्या बायकोने, मेहताबभाभींनी, लिंबू पिळलेला कोरा चहा दिला; पित्ताला चांगला असतो म्हणाल्या. संध्याकाळी गनीभाई इकडे आले. सत्यशीलाने गवती चहा टाकून कोराच दिला. खोकल्याला चांगला असतो म्हणाली. गनीभाईंना खोकला नव्हता. ते सौजन्याने खोकले.

असं आठवडाभर चाललं आणि लंकाबाईंनी गहिनीनाथला घराची कौलं मोजायला सांगितली. घर पत्र्याचं होतं. तेव्हा मात्र त्याने ठरवलं की पिशवीचं दूध आणून बादलीत ओतायचं आणि धार काढली म्हणून सांगायचं. स्टँडजवळच्या दुकानात त्याच्या पुढे एक माणूस उपरण्याखाली पिशवी लपवत होता. वळला तर गनीभाई.

दोघंही बराच वेळ दुकानातल्या बिस्किटांकडे बघत राहिले.

"तुमच्या पोरानं माझी गाय धुऊन नेली," शेवटी गनीभाई म्हणाले.

"मग मुसकं न्हाई का बांधलं?"

"पाव्हण्याला? मेहताबनं मलाच बांधलं असतं."

वासरं त्याच दुपारी परत गेली. हौशा आईकडे धावला, सवयीने गुडघे टेकले, आणि आईने अशी लाथ हाणली की तो कडब्याच्या गंजीत जाऊन बसला. एवढ्या दिवसांत तिने मनाने साहेबालाच पदरात घेतलं होतं.

"बघ," गहिनीनाथ सत्यशीलाला म्हणाला. "तुटलं का न्हाई दूध?"

मग तो बादली घेऊन बसला. गाय पान्हा सोडेना. मान वळवून गनीभाईंच्या रानाकडे बघत हंबरत राहिली. गहिनीनाथने अजिबात न डगमगता मोबाईल काढला. साहेबाला घटकाभर पाठवता का, असं विचारायचं होतं. पण नंबर लागायच्या आत गनीभाई साहेबाला घेऊन बांधावर हजर झाले. त्यांच्या गाईला हौशा हवा होता.

साहेबाने दोन ढुसण्या दिल्या आणि गाईने पान्हा सोडला. गहिनीनाथने त्याला ओढून बाजूला बांधलं, तांब्याभर दूध काढलं आणि सत्यशीलाने आलं ठेचून चहा केला. साय धरेल असा. गहिनीनाथने स्वतःच्या हाताने कप आईपुढे ठेवला.

लंकाबाईंनी कप उचलला. तेवढ्यात खुंट्याला बांधलेला साहेब ओरडला.

"त्याचं पोट भरलं का?" त्यांनी विचारलं.

"आये, त्यानं पान्ह्यापुरतं पिलं. बाकी आपलं."

लंकाबाईंनी कप खाली ठेवला.

"पाव्हणा उपाशी आन् मी च्या पिऊ? सोड त्याला. सगळं पिऊ दे." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "मला कोरा कर. लई दिवस झालं, जीव कासावीस झालाय."