जावयबापूंचा हात

भिसेगावातल्या किरणला तुम्ही गाढ झोपेतून उठवा आणि विचारा, कॉम्प्युटरवर रेघ बंद कशी करायची? डोळेसुद्धा न उघडता सांगेल! 'किरण आर्ट्स'चा मालक तो. लग्नाचे बॅनर, गाड्यांवरची नावं, दारावरच्या पाट्या, सगळं त्याच्या हातचं. गिऱ्हाईक चहा घेत बसलं की हा सुरू, "रेघेची दोन टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत. भिडली की आकार बंद. मग रंग भरा, मशीनवर कापा, काय वाटेल ते करा! पण केसाएवढी फट राहू द्या, बादलीभर रंग ओता, थेंब टिकणार नाही. आणि फट शोधावी तर या किरणनेच!"

असा हा पठ्ठ्या सध्या मात्र पार उतरला होता. त्याची बायको सुरभी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, पोशीरला. मुलगी झाली, सगळं सुखरूप झालं, आणि सासूबाई भागूबाईंनी जाहीर केलं, "पहिली खेप हाय पोरीची. दिवाळी झाल्याबिगर पाठवायची नाय!" भिसेगावहून पोशीर किती लांब? बाईकला किक मारली की आलंच! पण जावयाने बोलावल्याशिवाय सारखं सासुरवाडीला टपकायचं म्हणजे गावाला फुकटची करमणूक. घरी यावं तर एकट्यासाठी दोन अंडी फोडायची. सुरभीचा कंगवा खिडकीत होता तसाच होता, आणि तो उचलून ठेवायचा धीर किरणला होत नव्हता. फार आठवण यायची हो! पण बाप्या माणसाने हे सांगायचं कुणाला?

म्हणून बारशाचा दिवस ठरला तशी त्याने युक्ती काढली. फोनवर सुरभीला म्हणाला, "तुमच्या ओटीच्या भिंतीवर लावायला आपल्या तिघांचं चित्र करतो. प्लायमधून कापलेलं! पुढे तू, तुझ्या कडेवर पिल्लू, आणि मागे मी, तुझ्या खांद्यावर हात ठेवून. अख्खं पोशीर बघत राहील!"

"अहो, साधंच करा काहीतरी," सुरभी म्हणाली.

"साधं? आणि किरण आर्ट्स?"

भिंतीचं माप घ्यायला तो पोशीरला गेला. मग पुन्हा गेला. बाळाला मांडीवर घेऊन बसला, चित्रात हवा तसा तिघांचा फोटो काढून घेतला आणि माप घ्यायचं विसरून आला. टेप घेऊन तिसऱ्यांदा दारात उभा राहिला तेव्हा भागूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "जावयबापू, शेतातलं भात वाढतंय रोज. भिंत नाय वाढत!"

दुकानात बसून त्याने तो फोटो समोर उघडला आणि त्यावरून रेघ ओढायला घेतली. आता अशी रेघ एका दमात ओढायची असते, हे तो दुनियेला शिकवायचा. पण सुरभीच्या गालापाशी आला की माऊस थांबे. हा बघत बसे. मग नवी रेघ. बाळाच्या मुठीपाशी पुन्हा थांबे. पुन्हा नवी रेघ. खांद्यापाशी तर बोलायलाच नको! तिथे आपला हात काढता काढता गडी इतक्या वेळा थांबला, की हाताचे नुसते तुकडे तुकडे झाले. चित्र दिसायला झकास, पण एक रेघ दुसरीला टेकलेली असेल तर शपथ!

खालापूरला त्याचा मित्र गजा लेझर मशीन चालवतो. त्याचा फोन आला. "किरण्या, फाइल बघितली. सगळ्या रेघा उघड्या हायत रं! असं कापलं तर नुसत्या चिरा पडतील, तुकडा सुटणार नाय."

"थांब, एका बटनात जोडतो!" किरण म्हणाला. खरं म्हणजे एकेक टोक हाताने जुळवायचं. पण सॉफ्टवेअरला एक सोय असते. किती लांबपर्यंतची टोकं जोडायची तो आकडा टाकायचा, मग ते प्रत्येक टोकाला जवळचं टोक शोधून देतं. किरणने आकडा टाकला भलामोठा! बटन दाबलं आणि तेवढ्यात सुरभीचा व्हिडिओ कॉल.

"अहो, बघा बघा, हसतेय ही!"

बाळ हसलं, बाप विरघळला. त्या नादात फाइल गजाला गेली. किरणने ती डोळ्यांखालूनसुद्धा घातली नाही.

बारशाच्या सकाळी गजाने पेपरात गुंडाळलेला माल हातात दिला. "दोन नग हायत. पाठीमागं माज्या दुकानाचा स्टिकर लावलाय, नंबरासकट."

दुसरा नग म्हणजे नावाची पाटी असणार, असं समजून किरण तसाच पोशीरला पोचला.

पाळणा झाला, नाव सानवी ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मग सुरभीच्या चिंधीआत्याने सगळ्यांदेखत पहिला नग उघडला. सुरभी आणि बाळ! सुरभीच्या वेणीचं टोक बाळाच्या डोक्याला जोडलं गेल्यामुळे सव्वा महिन्याच्या पोरीला कमरेपर्यंत वेणी आली होती. तरी बायका कौतुकाने हसल्या. आत्याने दुसरा नग उघडला आणि ओटीवरचे सगळे बघायला पुढे वाकले!

त्यात किरण होता. एकटा, बायकोपासून सुटा. खांद्यावर जायचा हात जवळचं टोक शोधत शोधत त्याच्याच कानाला जाऊन भिडला होता. चक्क कान धरून उभा!

"अगो बाय!" आत्या ओरडली. "काय केलंय गं यानं? कशाची माफी मागतोय?"

"सुरभे, खरं सांग," भागूबाईंचा आवाज चढला. "भांडलात का तुमी?"

सुरभीने तोंडात पदर कोंबला होता. तिला हसू आवरेना, खांदे गदगदा हलायला लागले. भागूबाईंना वाटलं, पोर रडतेय!

"रडू नको बाय, तुजी आय हाय अजून! दिवाळी राहू दे बाजूला, आता होळीपातुर पाठवत नाय!"

होळी! किरण ताडकन उठला. तो घाईघाईने टोकं, रेघा, आकडा, बटन, सगळं समजावायला लागला. कुणाच्या डोक्यात काही शिरेना. उलट "बघा कसा गडबडलाय," असं मागून कुणीतरी बोललं. शेवटी त्याचा धीर सुटला.

"अहो, भांडण कसलं? मला करमत नाही हो हिच्याशिवाय! चित्र काढायला बसलो तर हिच्याकडे बघतच राहिलो, म्हणून रेघा तुटल्या. घरात पाऊल टाकवत नाही. भिंत काय मला मापायची होती? ह्या दोघींना बघायचं होतं!"

ओटीवर जो हशा उठला, त्याने पाळण्यातली सानवी जागी होऊन भोकाड पसरून रडायला लागली. सुरभी मात्र आता हसत नव्हती. तिने मुलीला उचललं, किरणच्या हातात दिलं आणि त्याला टेकून उभी राहिली.

भागूबाईंनी डोळे टिपले. पण बाई पक्क्या! "होळी नाय, पण दिवाळी म्हंजे दिवाळी. आणि तो हात तेवढा नीट करून आणा. भिंतीवर कान धरलेला जावय रोज बघायचा का आमी?"

पुढच्या रविवारी किरण हाताशिवायच पोशीरला हजर. "गजाचं मशीन बिघडलंय," तो म्हणाला. "असू दे, जेवून जा," भागूबाई म्हणाल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही मशीन बिघडलेलंच होतं. किरणने तांदळाची भाकरी आणि कोंबडी खाल्ली, लेकीला मांडीवर निजवलं आणि संध्याकाळी पाय ओढत भिसेगावला परतला.

सोमवारी गजाचा फोन. "किरण्या, तुजा हात कधीचा कापून पडलाय. घेऊन जा की रं!"

"राहू दे तिकडेच," किरण हळूच म्हणाला. "दिवाळीनंतर नेतो. आणि पोशीरहून कुणी विचारलं, तर मशीन बिघडलंय म्हण."

गजा खो खो हसत सुटला. "मुद्दाम डिवचलं रं तुला! कोन विचारतंय? तुज्या सासूबाईंनी स्टिकरवरचा नंबर बघून मागंच फोन केलेला. म्हनाल्या, भाऊ, तो हात दिवाळीपातुर आमच्या जावयाला देऊ नका!"

किरणने फोन ठेवला आणि पाहतो तर काय, दुसऱ्या हाताने त्याने स्वतःचाच कान धरला होता!