फेट्यातला आलूबोंडा

बिजलीबाईच्या नाकाखालून आलूबोंडा पळवणारा माणूस तांड्यात अजून जन्मला नव्हता. तो आपणच, असं देवीलालचं त्या बाजाराच्या दिवशी ठाम मत झालं होतं!

डॉक्टरांनी त्याचं तळलेलं बंद केल्यापासून बिजलीबाई बायको कमी आणि नाक्यावरची पोलीस जास्त झाली होती. बाजारातून निघताना खिसे तपासायची, थैली तपासायची, वरून तोंडाचा वासही घ्यायची. पण पुसदच्या स्टँडजवळ हरिसिंगच्या गाडीवर कढई तापली, की देवीलालचे पाय तिकडे वळायचेच. लहानपणी बाप कापूस विकायला यायचा, तेव्हा स्वतः अर्धा कप चहा घ्यायचा आणि पोराच्या हातावर अख्खा बोंडा ठेवायचा. "खाय, गरम हाय," एवढंच म्हणायचा. तेव्हा गाडी हरिसिंगच्या बापाची होती. आता दोघांचेही बाप गेले. रश्शाची चव तेवढी राहिली.

बेत सरळ होता. बिजलीबाई बांगड्यांच्या दुकानात शिरली की नेहमीसारखं बियाण्याच्या दुकानाचं निमित्त सांगून सटकायचं, बोंडे आणि रस्सा बांधून घ्यायचा आणि तुरीच्या वावरात बसून निवांत खायचा.

हरिसिंगने बोंडे कागदात, रस्सा प्लास्टिकच्या पन्नीत बांधून दिला आणि समोरून बिजलीबाई तरातरा गाडीकडेच आली! खिसे तिच्या पाहणीतले, थैली तिच्या खांद्यावर. उरला फेटा. देवीलालने पाठ फिरवली आणि सगळा माल फेट्याच्या वेढ्यांत खोचला.

"तुमी? इथं?" ती थबकली.

"तुलेच पाहून राह्यलो," तो म्हणाला. डोकं चांगलंच शेकत होतं.

बसमध्ये बसल्यावर तिने नाक वर केलं. "कायचा वास येऊन राह्यला?"

"डिझेलचा."

"डिझेलमंधी लसूण कवापासून टाकाले लागले?"

देवीलाल खिडकीबाहेरचा कापूस जन्मात पहिल्यांदा पाहत असल्यासारखा पाहू लागला. तेवढ्यात बस ब्रेकरवरून उडाली, तो छताला आपटला आणि पन्नी फुटली!

कपाळावरून लालभडक ओघळ निघाला. समोरच्या सीटवरची रुपीबाई किंचाळली, "याडी ये! माय वो! रगत!"

कंडक्टर साधनाने टण्णकन घंटी मारली. "काका, डोकं फुटलं का?"

देवीलालपुढे दोनच वाटा होत्या. बोंडा कबूल करायचा, नाहीतर जखम. त्याने जखम कबूल केली. नुसती कबूल केली नाही, मान टाकली!

ड्रायव्हरने बस तिथंच फिरवली आणि दवाखान्याकडे सोडली. कोणीतरी फेट्यावर दुपट्टा करकचून आवळला. रस्सा डोळ्यांत उतरला.

"आग होऊन राह्यली!" तो कळवळला. हे मात्र खरं होतं.

"सहन करा, काका!" अख्खी बस ओरडली.

बिजलीबाईने त्याचा हात घट्ट धरला. "अवो, डोळे उघडा! तुमी म्हनान ते खाऊ घालतो!"

देवीलालने एक डोळा उघडला. "आलूबोंडा?"

"भरमात बोलून राह्यले वो!" तिने हंबरडा फोडला. "देतो! परातभर देतो!"

त्याला भरून आलं. आता खरं सांगून टाकावं, असंही वाटलं. पण त्याच्यासाठी भरलेली बस उलटी फिरली होती. एवढ्या लोकांपुढे नुसता बोंडा काढून दाखवणं बरं दिसलं नसतं.

दवाखान्यात डॉक्टर फेटा सोडू लागले. दारात सगळे प्रवासी दाटले होते.

"हळू सोडा, साहेब," बिजलीबाई रडत म्हणाली, "अंदरचं बाहेर येईन!"

आतलं बाहेर आलं. पिवळं, मऊ, चेपलेलं. रुपीबाईने डोळे झाकले. डॉक्टरांनी ते चिमट्यात धरून उजेडात नीट पाहिलं.

"हा मेंदू नाही," ते म्हणाले.

बिजलीबाईने पदराने डोळे पुसले, नवऱ्याच्या कपाळावरचा ओघळ बोटावर घेतला आणि चाखला.

"हरिसिंगचा रस्सा," ती थंडपणे म्हणाली. "स्टँडावर दुसऱ्या कोनाच्याच रश्शाले असा झणका नाही."

देवीलालने दोन्ही डोळे उघडले. "तुले काय मालूम?"

बिजलीबाई एकदम भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागली.

"बिजली, तुले काय मालूम?"

"बांगड्या पाहाले गेलं का..." ती पुटपुटली, "भूक लागते मानसाले!"

"दर बाजाराले?"

"तुमी बियान्याच्या दुकानात कोनतं बियानं पाहाले जाता दर बाजाराले?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आधी ती हसली. मग नर्सने त्याचे डोळे धुतले, आणि बिजलीबाईने सर्वांदेखत जाहीर केलं, "चला. आज संगंच खाऊ. एक-एकच!"

दोघं बाहेर आले तर बस उभी होती आणि आत चिटपाखरू नव्हतं. ड्रायव्हरसुद्धा नाही! साधनाबाईही नाही!

दोघं जवळच्या स्टँडवर गेले, तर सगळे हरिसिंगच्या गाडीभोवती होते. रुपीबाईच्या दोन्ही हातांत बोंडे होते. कढई रिकामी, परातही रिकामी.

"देवीलालभाऊ, तुमचे लय उपकार!" हरिसिंगने हात जोडले. "अख्खी बस आली! बोंडे त सरले. रस्सा तेवढा उरला हाय. देऊ?"

देवीलालने डोक्यावरून हात फिरवला आणि जन्मात पहिल्यांदा हरिसिंगला 'नको' म्हटलं.