किल्ला, झाड की तळं?

निवड करण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! उगाच बढाई मारत नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, त्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, एकामागून एक काचा सरकवायच्या आणि विचारायचं, ‘‘आता चांगलं दिसतंय, की आधी?’’ भल्याभल्यांना मी निवडायला लावलंय. तेव्हा हनिमूनला कुठे राहायचं हे ठरवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं होतं.

बायकोसुद्धा मला त्या खुर्चीतच भेटली. बाकीची माणसं ‘पुन्हा दाखवा’, ‘दोन्ही सारखंच वाटतंय’ करत घोळ घालतात. ही म्हणाली, ‘‘दुसरी.’’ मी पुढची काच लावली. ‘‘पहिली.’’

‘‘जरा नीट बघून सांगा,’’ मी म्हटलं.

‘‘बघूनच सांगतेय. पुढची लावा.’’

माझा चहा निवायच्या आत नंबर निघाला! मी तिथेच खलास. ती मोटार ड्रायव्हिंग शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसते आणि तिच्या पायाखाली तिचा वेगळा ब्रेक असतो. आपण ‘अरे अरे अरे’ म्हणेपर्यंत ती ब्रेक दाबून मोकळी होते.

हनिमूनसाठी थीम पार्कचं रिसॉर्ट तिनंच ठरवलं. डोंगर नको, समुद्र नको. ‘‘माझा सगळा जन्म पहिल्या गिअरमध्ये चाललाय,’’ ती म्हणाली. ‘‘मला एकदा अशा गाडीत बसायचंय, जी सुसाट सुटेल आणि जिचा ब्रेक माझ्या पायाखाली नसेल.’’ रोलर कोस्टरचा नुसता फोटो बघितला तरी मी खुर्ची घट्ट धरतो, पण मी हो म्हटलं. नवा नवरा दुसरं काय म्हणणार!

‘‘आता तिथे राहायचं कुठे, ते तू ठरव,’’ ती म्हणाली. ‘‘एकट्यानं. घरात कुणालाही न विचारता.’’

‘‘आणि विचारलं तर?’’

‘‘तर मला कळेल, माझं लग्न नक्की किती जणांशी झालंय ते.’’

मी हसलो. ती हसली नाही.

आता आमच्या घराबद्दल सांगायलाच हवं. आमच्याकडे कुठलीही वस्तू सगळ्यांनी पारखल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. साधी छत्री घ्यायची तरी आई, बाबा, आत्या आणि मी असे चौघं दुकानात जातो आणि चौघंही ती उघडून, मिटून, पुन्हा उघडून बघतो. बाबांची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. कुठेही गेले की ते आधी काय ढिलं आहे ते बघतात. बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, लाँड्री चालवायची. तिला माणसाचा चेहरा नंतर दिसतो, कॉलर आधी दिसते. आणि या दोघांच्या वर आई! माझं लग्न ठरायच्या वेळी हे तिघं थेट ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानावर पोचले होते. आत्यानं मुलीला गाडी रिव्हर्स घेऊन दाखवायला सांगितलं! तिनं एका दमात घेतली आणि खाली उतरून माझ्या कानात म्हणाली, ‘‘पुढच्या वेळी एकटा ये.’’ मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

तर रिसॉर्टवर राहायच्या जागा तीन प्रकारच्या. एक किल्ला, अगदी रोलर कोस्टरला खेटून. दुसरी, झाडावरची खोली. तिसरी, तळ्याकाठची लाकडी झोपडी. फोटो तिन्हींचे झकास. किल्ल्यातून पार्क जवळ, पण गोंगाट फार. झाडावर शांतता, पण उंची! तळ्याकाठी उंचीही नाही आणि गोंगाटही नाही, पण डास असले तर? मी दुकानात फोटो बघितले, बसस्टॉपवर बघितले, दाढी करताना बघितले आणि हनुवटी कापून घेतली. किल्ला नक्की केला की तळं चांगलं दिसायचं. तळं नक्की केलं की झाड खुणावायचं.

‘‘ठरलं?’’ बायको रोज विचारायची.

‘‘ठरतंय,’’ मी म्हणायचो.

शेवटी मला एक झकास कल्पना सुचली. घरात विचारायचं नव्हतं. दुकानात विचारायला कुठे बंदी होती? मी अक्षरांचा तक्ता काढून ठेवला आणि समोरच्या पडद्यावर खोल्यांचे फोटो लावले. गिऱ्हाइकाचा नंबरही निघेल आणि माझाही प्रश्न सुटेल!

‘‘आता चांगलं दिसतंय की आधी?’’

‘‘दोन्ही धूसर,’’ पहिले आजोबा म्हणाले. त्यांना मोतीबिंदू होता.

‘‘अक्षरं कुठायत?’’ बँकेतल्या कॅशियरनं विचारलं.

‘‘अक्षरं जुनी झाली. हल्ली असंच तपासतात. किल्ला की झाड?’’

‘‘मला जवळचं दिसत नाही हो. किल्ला लांबचा आहे ना?’’

असा दिवसभर जिवाचा आटापिटा केला. एक शाळेच्या बाई तर फोटोतल्या पलंगाखाली धूळ दिसते म्हणून निघून गेल्या. संध्याकाळी आमच्या शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या डोळ्याला काच लावायच्या आधीच त्या किंचाळल्या, ‘‘अय्या! हनिमूनची खोली का रे?’’ मी कुणाकुणाला विचारलं ते सगळं माझ्याकडून वदवून घेऊन, नंबर न काढताच त्या उठल्या आणि तडक आमच्या घरी गेल्या.

मी घरी पोचलो तेव्हा आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. म्हणजे संपलं सगळं!

‘‘मोतीबिंदूवाल्या परक्या माणसाला विचारलंस,’’ ती म्हणाली. ‘‘मला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं, तर मला नाही विचारलंस!’’

‘‘आई, तसं नाही गं...’’

‘‘राहू दे. आम्ही आता परके झालो.’’

‘‘आम्ही एक अक्षर बोलणार नाही,’’ बाबा म्हणाले. ‘‘तुझं तू ठरव.’’

‘‘बोलणार नाही, पण बघून येऊ,’’ आत्या म्हणाली. ‘‘फोटोत चादरी कशाही दिसतात. तुमच्या आदल्या दिवशी जाऊ, बघू, तुला गुपचूप कळवू, तू जाऊन तीच खोली घे. तिला पत्ताही लागणार नाही.’’

‘‘नको! अजिबात नको!’’ असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, ‘‘तीनही बघाल ना?’’

बायको संध्याकाळची शिकवणी आटपून आली, तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, ‘‘ठरलं! पण कुठे ते सांगणार नाही. सरप्राइज!’’

ती दारातच थांबली. हातातली गाडीची किल्लीसुद्धा तिनं खाली ठेवली नाही. ‘‘खरंच? एकट्यानं?’’ मी मान हलवली. तिनं मला अशी घट्ट मिठी मारली की ती किल्ली माझ्या पाठीत रुतली. इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आम्ही तिच्याच शिकवणीच्या गाडीतून निघालो. ती गुणगुणत गाडी चालवत होती. मी शेजारच्या सीटवर, पायाखाली तो दुसरा ब्रेक, आणि खिशात थरथरणारा फोन. आईचा निरोप आला, ‘किल्ला’. पाठोपाठ बाबांचा, ‘झाड’. मग आत्याचा, ‘त्या दोघांचं ऐकू नकोस. तळं.’ मी नकळत ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध गचकन उभी राहिली.

‘‘काय झालं?’’

‘‘मांजर,’’ मी म्हटलं. मांजर बिंजर काही नव्हतं.

रिसॉर्टच्या दारात सशाचा वेश घातलेला एक माणूस सगळ्यांना हात हलवून आत बोलावत होता. मीही हात हलवला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, ‘‘बुकिंग कुठल्या नावानं आहे, सर?’’

‘‘आत्ता करतो ना!’’ मी हळूच म्हटलं.

बायकोनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

‘‘सॉरी सर, सुट्ट्या सुरू आहेत. सगळं फुल्ल आहे. शेवटच्या तीन खोल्या कालच गेल्या.’’

‘‘तीन? कुणी घेतल्या?’’ मी विचारलं. विचारताना मला उत्तर माहीत होतं.

तिनं सोफ्याकडे बोट केलं. सशाच्या कानांआड आई, बाबा आणि आत्या ओळीनं बसले होते. आत्यानं तोंडासमोर पार्कचा नकाशा धरला होता. तोही उलटा.

‘‘नुसत्या बघायला देईनात रे!’’ आई उठून म्हणाली. ‘‘म्हणून राहून बघितल्या. एकेकानं एकेक.’’

बायकोचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला होता. तिथे ब्रेक नव्हता.

आणि मग हे तिघं सुटले!

‘‘तू किल्लाच घे. मी माझी खोली सोडते. खिडकीतून ती गाडी जाते आणि माणसं एकसारखी किंचाळतात, इतकी सोबत वाटते म्हणून सांगू!’’

‘‘माझी घे. वर जायला छोटी लिफ्ट आहे. एक स्क्रू ढिला होता, तो मी आवळलाय.’’

‘‘वहिनी, तुमच्या किल्ल्यातली चादर मी पाहिलीय,’’ आत्या म्हणाली. ‘‘पिवळी! माझ्या झोपडीतली बघा. मी स्वतः अशी धुतली नसती.’’

‘‘वन्सं, पोरगं हनिमूनला आलंय, कपडे धुवायला नाही!’’

‘‘म्हणून पिवळ्या चादरीवर झोपवणार का त्याला?’’

सशानं हात हलवणं थांबवलं होतं. मागे रांगेतली माणसं सामान खाली ठेवून ऐकत होती. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आता निवड किल्ला, झाड आणि तळ्यातली राहिलीच नव्हती! आई, बाबा आणि आत्या, यांतलं एक निवडायचं होतं! तळं म्हणावं, तर आई जन्मभर ऐकवणार. किल्ला म्हणावं, तर आत्याचं तोंड उतरणार. बाबा काही बोलणार नाहीत, ते नुसते आवळलेल्या स्क्रूबद्दल विचारत राहतील.

‘‘आई, बाबा, आत्या, एक मिनिट थांबता का?’’ बायको म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी तिघंही थांबले. मग ती माझ्याकडे वळली. ‘‘सांग. किल्ला म्हण, झाड म्हण, नाहीतर परत घरी जाऊ म्हण. मी काहीही ऐकायला तयार आहे. फक्त तू सांग.’’

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर परवडला असता. ती चक्क विनवत होती. जी बाई भर चौकात ट्रकवाल्याला खाली उतरवते, ती माझ्यापुढे विनवत होती! मला माझीच शरम वाटली. मी मनाशी म्हटलं, आता बोल. काहीही बोल. एक शब्द!

मी तोंड उघडलं. आईचे डोळे भरून आले. मी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. बाबांनी घसा खाकरला. आत्यानं नकाशाची घडी घातली. मी जीव एकवटून काउंटरवरच्या मुलीकडे वळलो आणि विचारलं,

‘‘लोक साधारण काय घेतात हो?’’

त्या मुलीनं मान खाली घातली. सशानं मुखवटा काढला, माझ्याकडे एकवार बघितलं आणि परत घातला.

बायकोनं फक्त एक श्वास घेतला. ‘‘आत्या, तुमच्या झोपडीत मी येते. आई किल्ल्यातच राहतील. हा बाबांबरोबर झाडावर.’’

‘‘अगं, पण हनिमून...’’ आई म्हणाली.

‘‘त्याचं ठरलं की होईल.’’ बॅग उचलता उचलता ती मला म्हणाली, ‘‘मी तळ्याकाठी आहे. ये. पण आत्यांना खोली सोडायला तू सांगायचंस. मी नाही सांगणार.’’

एवढंच तर करायचं होतं! आत्याला एक वाक्य बोलायचं. ते मी झाडावरच्या खोलीत जाऊन घोकलंही. आधी प्रेमानं, मग ठामपणे. प्रेमानं जास्त चांगलं वाटलं. मग ठामपणे जास्त चांगलं वाटलं. तेवढ्यात खिडकीतून, झाडांच्या फटीत, किल्ल्याकडचा रोलर कोस्टर कडाडत जाताना दिसला. पहिल्या सीटवर बायको! दोन्ही हात हवेत, केस विस्कटलेले, आणि ती जीव तोडून ओरडत होती. इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती. तिच्या मागे आई आणि आत्या एकमेकींना मिठी मारून किंचाळत होत्या. तिच्या शेजारची सीट रिकामी होती.

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खोलीत एकावर एक असे दोन पलंग होते. ‘‘वरचा घेतोस की खालचा?’’ त्यांनी मायेनं विचारलं.

मी दोन्ही नीट बघितले. खालचा रुंद होता. वरच्याला हवा होती.

‘‘तुम्हाला काय वाटतं, बाबा?’’

बाबांनी वर बघितलं, खाली बघितलं, डोकं खाजवलं. ‘‘मला रे काय कळतं त्यातलं!’’ ते म्हणाले. ‘‘थांब, तुझ्या आईला फोन लावतो.’’

आई रोलर कोस्टरवर होती. फोन उचलला नाही. आम्ही दोघं अजून उभेच आहोत.