पासष्टाला एक कमी

नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाकडून नाणं आत बंद करून आलेली पारदर्शक डबी घड्याळजींनी जेवणाच्या टेबलावर ठेवली, चष्मा पुसला, डबीवरची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली आणि ते खुर्चीत मटकन बसले. चिठ्ठीवर आकडा होता चौसष्ट.

"चौसष्ट म्हणजे पास की नापास?" बायकोनं विचारलं.

"नापास! प्रदर्शनाच्या काचेच्या कपाटात पासष्टाच्या खालचं नाणं ठेवत नाहीत."

"शंभरातले का?"

"सत्तरातले."

"अहो, मग चौसष्ट म्हणजे पहिला नंबरच की! मी आयुष्यात कधी..."

"तुझं सोड!" घड्याळजी खेकसले.

बायकोचं तसं काही चुकलं नव्हतं. टाकसाळीतून निघून ज्यांनी अजून कुणाचा खिसा पाहिलेला नाही अशा कोऱ्या नाण्यांना साठ ते सत्तर असे गुण देतात, हे तिला कोण सांगणार? कोरं म्हणजे बिनडागी असं आपल्याला वाटतं. पण नाणी तयार झाल्याबरोबर पोत्यात पडतात, एकमेकांवर आपटतात आणि बाजाराचं तोंड बघण्याआधीच ओरखडे घेऊन बाहेर येतात. ओरखडे फार आणि झळाळी बेताची असेल तर साठ. भिंगाखालीही काही सापडलं नाही तर सत्तर, आणि सत्तरवालं नाणं मंडळात अजून कुणी पाहिलेलं नव्हतं. घड्याळजींचं चांदीचं नाणं त्यांच्या मुलीच्या जन्मसालचं होतं. सत्तावीस वर्षं त्यांनी ते जपलं होतं आणि मनोमन त्याला सहासष्ट देऊनही टाकले होते. दुकानात सेल बदलायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते हा आकडा सांगत.

खरं दुखणं निराळंच होतं. मंडळात गुण देणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे त्यांचे व्याही. हे व्याही पूर्वी चष्म्याचं दुकान चालवत. गेली सोळा वर्षं ते मंडळाची नाणी तपासत होते. नाणं कुणाचं ते कळू नये म्हणून चिटणीस प्रत्येक नाणं बिननावाच्या पाकिटात घालून नुसता क्रमांक टाकत. व्याही ते कडांना धरून दिव्याखाली तिरकं फिरवत आणि आकडा सांगत. सख्ख्या भावालाही अर्धा गुण वाढवून देणार नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

आणि याच माणसावर घड्याळजींचा जीव होता. मुलगी सासरी गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा व्याही दर रविवारी येऊ लागले. दोघं खिडकीशी बसून नाणी बघत, वाद घालत, चहा थंड करत. सोयरीक मुलांची झाली की या दोघांची, असं बायको म्हणे. घड्याळजींच्या आठवड्यात खरा दिवस तो एकच होता.

"त्यांना काय ठाऊक, नाणं आपलं आहे ते?" बायको म्हणाली.

"दर रविवारी हातात घेऊन बसतात! त्यावरच्या चेहऱ्याच्या हनुवटीखालची तिरकी रेघ पाठ आहे त्यांना. ओळखलं असेल, तर एक गुण जड झाला का त्यांना?"

"आणि ओळखलं नसेल तर?"

"तर ओळखायला नको होतं का?"

एवढ्यावर व्याह्यांच्या सुटकेचे दोन्ही दरवाजे बंद झाले.

"फोन करून विचारा ना सरळ."

"मी? मुलगी दिलीय म्हणून गुणांची भीक मागत फिरू?"

तो फोन केला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती, आणि संपायलाच हवी होती.

नाणी जमवणाऱ्यांत एक युक्ती चालते. गुण मनासारखे मिळाले नाहीत, की डबी फोडायची आणि तेच नाणं पुन्हा तपासायला पाठवायचं. डोळा शेवटी माणसाचा, एखाद्या दिवशी प्रसन्न असतो. घड्याळजींनी ठरवलं की नाणं पुन्हा पाठवायचं, पण आपल्या नावानं नाही, मेव्हण्याच्या. मेव्हण्याला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि कळण्याचीही भीती नव्हती.

पण डबी फुटेना. ती फुटू नये अशीच केलेली असते. नखं झाली, सुरी झाली. करवतीनं टेबलाची कड कापली गेली, डबी जशीच्या तशी.

"चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडलीत, आणि एक डबी उघडत नाही?"

"घड्याळ उघडण्यासाठी केलेलं असतं! आण ती मोठी पक्कड."

"अहो, राहू द्या. चौसष्ट काही वाईट नाहीत."

"पक्कड!"

पक्कड आली. घड्याळजींनी दात आवळून दाबली. डबी फटाक्यासारखी फुटली, पकडीचा दात आत घुसला आणि नाणं उडून ओट्याच्या कडेवर आपटून खाली आलं. घड्याळातली केसाएवढी कमान न दुखवता काढणाऱ्या त्या हातांनी नाणं उचललं, भिंगाखाली धरलं. नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावर मोहरीएवढी खाच पडली होती.

"ही आधी होती का हो?" बायकोनं हळूच विचारलं.

"होतीच," घड्याळजी म्हणाले. दोन दिवसांत ते त्यांना स्वतःलाही पटलं, आणि मेव्हण्याच्या नावानं पाकीट मंडळाकडे गेलं.

पुढच्या रविवारी व्याही आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. बायकोनं दोन्ही वेळा एक कप जास्तीचा चहा टाकला आणि दोन्ही वेळा ओतून दिला.

"बघ, खाई त्याला खवखवे," घड्याळजी म्हणाले. पण नजर दाराकडेच होती.

मग मेव्हण्याच्या नावाचं मंडळाचं पाकीट घड्याळजींच्याच पत्त्यावर आलं. या वेळी चिठ्ठीवर आकडाच नव्हता. लिहिलं होतं: 'इजा झालेले. गुण देता येत नाहीत.'

घड्याळजींनी चपला घातल्या. बायको मागून म्हणाली, "जरा जपून बोला. मुलगी त्या घरात आहे." पण तोवर ते रस्त्याला लागले होते.

दार मुलीनंच उघडलं. "बाबा, बरं झालं आलात. मामंजी दोन आठवडे धड जेवत नाहीयेत."

"जेवण कसं जाईल!" घड्याळजी आत शिरत म्हणाले. व्याही खिडकीशी एकटेच बसले होते. "काय हो व्याही, एक गुण कमी दिलात, गिळला मी. आता इजा झालेलं? तुमच्या सुनेच्या सालचं नाणं आहे ते! काय वाकडं केलंय आम्ही तुमचं?"

"बाबा, हळू बोला ना!" मुलगी रडवेली झाली.

व्याही उठले. कपाटातून एक वही काढली, पान उघडलं आणि पुढे केली. त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'क्रमांक सतरा. खरे गुण त्रेसष्ट. दिले चौसष्ट.'

"हनुवटीखालची रेघ बघितली आणि ओळखलं," व्याही म्हणाले. "तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आला. सोळा वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललो. महिना पुरा केला आणि राजीनामा दिला. त्या दिव्याखाली बसायची लाज वाटायला लागली."

घड्याळजी उभ्याचे बसले.

"आणि तो महिना संपायच्या आत तेच नाणं पुन्हा समोर आलं," व्याही म्हणाले. "गाल फुटलेला! नोंद झाल्यावर चिटणिसांच्या वहीत नाव बघितलं, तर तुमचे मेव्हणे. म्हटलं, चौसष्ट दिले म्हणून रागानं देऊन टाकलंत, आणि त्या माणसानं त्याची ही दशा केली. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू, म्हणून आलो नाही. माफ करा, पण तुमचा मेव्हणा अगदी नालायक माणूस आहे."

मेव्हणा दूर गावी होता, बिचारा आपल्या कामात होता, आणि नालायक ठरायची त्याची काही हरकत असायचं कारण नव्हतं. घड्याळजींनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग त्या वहीकडे.

"मेव्हण्याकडे गेलंच नाही ते," ते म्हणाले. "पक्कड माझी होती."

"पक्कड?" व्याह्यांनी डोळे मिटून घेतले. "तुम्ही? घड्याळजी असून?"

"पासष्टाला एकच कमी होता हो. वाटलं, एकच तर हवाय."

व्याह्यांनी वही मिटली. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं आणि चेहरा आणखीच उतरला.

"म्हणजे त्रेसष्ट दिले असते तर?"

"तर काय! दोन गुणांसाठी कोण डबी फोडतो? गप्प कपाटात ठेवलं असतं."

"म्हणजे माझ्या त्या एका गुणानंच..."

"नाही हो, माझ्या पकडीनं."

"खरं तेच द्यायला हवं होतं," व्याही म्हणाले. "पण तुम्ही रविवारी तोंड फुगवून बसला असता."

घड्याळजींनी डोळे पुसले. "दोन रविवार," ते म्हणाले. "फार तर तीन."