ठराव क्रमांक चौदा आणि साहेबांचा पाइप

आमच्या दिवाणखान्यात पाच फूट लांबीची काचेची टाकी असून तीत एकच मासा राहतो. मुलीने आणला तेव्हा तो करंगळीएवढा होता. सहा वर्षांत चांगला हातभर झाला. दिवसभर काही न करता जेवणाच्या वेळी तेवढे तोंड उघडतो, म्हणून घरात त्याला 'साहेब' म्हणतात.

गेल्या महिन्यात साहेबांचे पाणी गढूळ होऊ लागले. फिशटँकवाल्याने टाकीत डोकावून पाहिले. "वरचा फिल्टर याला पुरणार नाही. खाली संप बसवा. पंधरा दिवसांत नाही बसवलात तर मासा हातचा गेला म्हणून समजा." मुलीने हे ऐकले आणि ताटावरून उठली.

संप म्हणजे मोठ्या टाकीखाली, कपाटात ठेवायची लहान टाकी. वरचे पाणी एका पाइपाने खाली येते, गाळले जाते आणि पंप ते दुसऱ्या पाइपाने वर ढकलतो. प्लंबरचे एका दिवसाचे काम. पण पाइप घेऊन तो लिफ्टमध्ये शिरला, आणि लिफ्टमध्ये आमच्या इमारतीचे सेक्रेटरी होते.

"पाइप आला म्हणजे नळकाम आलं," ते म्हणाले. "आणि नळकाम आलं म्हणजे अर्ज आला."

अर्ज तीन प्रतींत होता. 'लाभार्थी' या रकान्यात मी 'साहेब' असे लिहिले. "कुठल्या खात्यातले?" सेक्रेटरींनी उठून उभे राहत विचारले. मासा आहे म्हटल्यावर ते खाली बसले आणि अर्ज तांत्रिक उपसमितीकडे गेला. ही उपसमिती म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त गायन मास्तर. त्यांनी एकदा स्वतःच्या हाताने नळाचा वॉशर बदलला होता.

बारा दिवसांनी परवानगी आली. प्लंबरने त्याच दिवशी पाइप जोडले. तेराव्या दिवशी मास्तर बॅटरी घेऊन पाहणीला आले, सोबत सेक्रेटरी.

"हे भोक कसलं?" पंपाचे पाणी वर आणणाऱ्या पाइपावर बॅटरी रोखत मास्तरांनी विचारले.

"मुद्दाम पाडलंय," प्लंबर म्हणाला. "वीज गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी याच पाइपातून उलटं खाली ओढलं जातं. पाणी भोकापर्यंत उतरलं की हवा शिरते आणि ओढ तुटते. पाइपाचं तोंड वरच्या टाकीच्या तळाशी आहे. भोक नसेल तर अख्खी टाकी रिकामी होईल."

"ठराव क्रमांक चौदा," सेक्रेटरी म्हणाले. "इमारतीतील कोणत्याही पाइपास भोक असता कामा नये. भोक म्हणजे गळती."

"अहो, ते पाण्याखाली आहे! गळलं तरी टाकीतच गळणार ना?" प्लंबर म्हणाला.

"म्हणजे गळतं, हे मान्य आहे तर. मास्तर, लिहून घ्या."

"अहो, तुम्ही बोला ना काहीतरी!" बायको मला म्हणाली. मी छताचा रंग न्याहाळत होतो. भोक बुजवा नाहीतर पाइप काढा, असा लेखी आदेश निघाला. मुदतीचे दोनच दिवस उरले होते, म्हणून मी प्लंबरला बुजवायला सांगितले.

"माझं काय जातंय," तो म्हणाला, "पाणी तुमचं, मासा तुमचा." आणि त्याने भोक बुजवले.

'गळतीमुक्त' असे प्रमाणपत्र मिळाले. ते टाकीच्या काचेवर चिकटवणे बंधनकारक होते. चार दिवसांत पाणी लख्ख झाले. साहेब प्रमाणपत्रामागून ये-जा करू लागले आणि मुलगी पोटभर जेवू लागली. मला वाटले, सुटलो बुवा!

पुढच्या मंगळवारी वार्षिक विद्युत सुरक्षा तपासणीसाठी इमारतीची वीज दोन तास बंद ठेवली गेली. सूचना फलकावर लावली होती. फलक मी रोज पाहतो, वाचत नाही. मुलगी शाळेत होती, आम्ही दोघे कामावर. पंप थांबला आणि प्लंबर म्हणाला होता तेच झाले. संप भरून वाहू लागला, पाणी जमिनीत मुरले आणि खालच्या घरात, सेक्रेटरींच्या दप्तराच्या कपाटावर ठिबकू लागले. त्यांचा फोन येताच आम्ही धावत घरी आलो. टाकीत चार बोटे पाणी होते. साहेब कुशीवर पडले होते. तोंड उघडे होते आणि जेवणाची वेळ नव्हती.

संध्याकाळी आमच्याच दिवाणखान्यात चौकशी बसली. मास्तरांनी पाइपावरून बोट फिरवून पाहिले. "थेंबभर गळती नाही. पाइप निर्दोष आहे."

"मग माझ्या छतातून काय आलं?"

"पाणी आलं. त्यात पाइपाचा काही दोष नाही."

मुलगी रडून रडून लाल झाली होती. "हा ठराव केला कुणी?" तिने विचारले.

"मी एकट्यानं नाही हं," सेक्रेटरी घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी ओली वही तिच्यापुढे उघडली. "सगळ्यांनी मिळून केलाय."

तिने ठराव पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. इमारतीत तो वाचणारी ती पहिलीच. मग खालच्या बत्तीस सह्यांवरून तिचे बोट सरकू लागले आणि पाचवीवर थांबले.

"बाबा, ही तुमची आहे."

मला तो रविवार आठवला. अर्धी दाढी झाली होती, गालाला साबण होता, दारात वही आली होती. मी एकच प्रश्न विचारला होता, "कुठे करू?"

तुम्हाला हसू येत असेल, तर खुशाल हसा. पण परवा तुमच्याही दारात कुणीतरी वही घेऊन आलं होतं ना? कशावर सही केलीत, सांगा पाहू.